यूएसबी पोर्ट चालत नाही? आधी एवढं बघ

पोर्ट मेलाच असं लगेच धरू नकोस. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात लावून बघ, आणि या पोर्टात साधा माऊस. माऊस चालला पण हार्डडिस्क नाही, तर बहुधा वीज कमी पडतेय, यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच देतो.

मग लॅपटॉप बंद कर, बॅटरी निघत असेल तर काढ, टॉर्चने पोर्टाच्या आत बघ. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खाऱ्या हवेत आतल्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर धरतो, पावसाळ्यात तर फारच. तो साफ करायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (पटकन उडून जाणारं सफाईचं द्रव), मऊ ब्रश, हलका हात. पूर्ण सुकल्याशिवाय चालू करू नकोस.

नवीन माणसं इथे चुकतात:
- सुईने खरवडतात. पट्टी वाकली की शॉर्ट!
- खोबरेल, रॉकेल घालतात.
- हलणारा पोर्ट दाबून दाबून वापरतात. तो आतल्या सर्किट बोर्डावरून सुटत असतो. सोल्डरिंग जाणणाऱ्याकडेच दे.