वस्तू नंतर, आधी रीत

तुझा मेसेज दोनदा वाचला. पॅरिस तीन दिवस, माराकेश चार दिवस, खाली खरेदीची ही भली मोठी लिस्ट, जाळीचे पितळी दिवे, ताजीन म्हणजे ते उंच झाकणाचं मातीचं भांडं, झेलिजच्या टाइल्स, आणि शेवटी प्रश्न काय तर घर फ्रेंच करू की मोरोक्कन. अगं, घर म्हणजे काय संगीतची थीम आहे का?

माराकेशच्या जुन्या गावात, मदिनेत, गल्लीतून चाललीस की दोन्हीकडे नुसत्या लालसर कोऱ्या भिंती, खिडकीसुद्धा क्वचित. दार उघडलं की मग आत चौक, कारंजं, संत्र्याची झाडं. आपल्या वाड्यासारखं, जे काय आहे ते आत. आणि तू निघालीस दिवाणखाना इन्स्टासाठी मांडायला.

ताजीन घे, पण नंतर. आधी त्यात शिजतं कसं ते बघ. कोळशाच्या मंद आचेवर, तास-दोन तास, पाणी अगदी थोडं, वाफ उंच झाकणाला लागून परत खाली येते. आपल्या गॅसवर मोठ्या आचेवर ठेवलंस तर तडकेल, मधे जाळी लागते. आणि शुक्रवारी दुपारी कुणी घरी कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक दाणे, खायला बोलावलं तर बाकी सगळं सोडून जा. खाली रस्सा उकळत असतो, त्याच्या वाफेवर ते दाणे दोन-तीनदा वाफवतात, दरवेळी हाताने मोकळे करतात, आणि मग सगळे एकाच मोठ्या ताटात, ज्याने त्याने आपल्या समोरचंच खायचं. ही रीत. हिला कस्टम लागत नाही.

फ्रान्समध्येही तेच. दुपारी तीनला जेवायला गेलीस तर बऱ्याच ठिकाणी किचन बंद असतं, चिडू नकोस, तू बाराला जा. बगेत, म्हणजे तो लांब पाव, घेताना 'त्रादिस्याँ' माग, 1993 च्या नियमाने त्यात पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, टिकवायची रसायनं वगैरे घालत नाहीत, म्हणून त्याच दिवशी संपवायचा.

आणि हे फ्रेंच-मोरोक्कन मिश्रण काही डेकोरेटरने नाही केलेलं. 1912 ते 1956 मोरोक्कोत फ्रेंचांचा अंमल होता, माराकेशमधला गेलीझ हा अख्खा भाग त्यांनी वसवला. पुढे माणसं कामासाठी फ्रान्सला गेली आणि कुसकुस तिकडचंच होऊन बसलं. तुझ्या वॉलपेपरवरचा तो निळा रंगसुद्धा मजोरेल या फ्रेंच चित्रकाराच्या माराकेशमधल्या बागेतला. तिथे हॉटेल होणार होतं म्हणून फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँ आणि त्याचा जोडीदार पिएर बेर्जे यांनी 1980 मध्ये ती बाग विकत घेतली. बघ जरूर, पण सकाळी उघडताच, नाहीतर नुसते फोन दिसतील.

माझ्या घराला लोक हसतात, एवढं फिरलीस आणि भिंतीवर काहीच कसं नाही. नाहीच आहे. शुक्रवारी जो येईल तो जेवून जातो, फोन बाहेर ठेवून, तेवढंच तिकडचं माझ्याकडे. पैसे नव्हते म्हणून तत्त्व काढलं असंही बोलतात, बोलू देत, अर्धं खरंय. मोरोक्कोतल्याच फेझ शहरात एक गालिचा पाहिला होता, त्याची चुटपुट अजून आहे. तरी वस्तू नंतरच, पुन्हा सांगते.

तिकीट बदलता येत असेल तर पॅरिस पुढच्या खेपेला ठेव, आणि माराकेशात मधे शुक्रवार येईल असं बघ.