वाचकांचे प्रश्न : कृष्णविवर आपल्याला गिळेल का?

प्रश्न : मुलांना आकाशदर्शनासाठी पन्हाळ्यावर नेले होते. तिथे धनु राशीकडे बोट दाखवून कोणी सांगितले, की आकाशगंगेच्या मध्याशी एक प्रचंड कृष्णविवर आहे. तेव्हापासून आमचे सातवीतले चिरंजीव रोज विचारतात, की ते आपल्यालाही ओढून घेईल का? काय सांगावे?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ओढून घेणार नाही, असे खुशाल सांगावे. या भीतीला थोडेफार नावच कारणीभूत आहे. विवर म्हटले की पुरातल्या पंचगंगेचा भोवरा डोळ्यांपुढे येतो आणि भोवरा काठाजवळची काटकी-पानेही खेचून नेतो. कृष्णविवर मात्र दुरून तेवढ्याच वस्तुमानाच्या ताऱ्यासारखेच वागते. सूर्याच्या जागी सूर्याइतक्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आणून ठेवले, तरी पृथ्वी याच कक्षेत, याच गतीने फिरत राहील. आपण गारठून मरू, ही गोष्ट वेगळी. पण नोव्हेंबर ठरल्या वेळी येईल, फक्त अंबाबाईच्या किरणोत्सवाला किरण नसतील.

मग कृष्णविवराचे वेगळेपण कशात? ते किती जवळ जाता येते यात आहे. सूर्याची त्रिज्या सुमारे ७ लाख किलोमीटर असल्यामुळे त्याच्या केंद्राच्या याहून जवळ जायचे, तर त्याच्या आतच शिरावे लागते, आणि जसजसे आत जावे तसतसा वरच्या थरांचा भाग ओढीच्या हिशेबातून गळत जातो. तेच सगळे वस्तुमान ३ किलोमीटर त्रिज्येत कोंबले, तर काहीही न गळता जवळ जाता येते, ओढ वाढतच राहते, आणि त्या ३ किलोमीटरच्या सीमेवर निसटायला लागणारा वेग प्रकाशाच्या वेगाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर होतो. हेच घटना क्षितिज. पृथ्वीचे कृष्णविवर करायचे, तर डोंगर-समुद्रांसह ती सारी ९ मिलीमीटर त्रिज्येत, गुऱ्हाळावर पाहुण्याच्या तळहातावर ठेवतात त्या गुळाच्या लहानशा खड्याएवढी दाबावी लागेल. (सूर्य काय किंवा पृथ्वी काय, आपल्या वजनाने इतकी दबणार नाहीत, ते भारी ताऱ्यांचे काम.)

आता चिरंजिवांचे विवर. त्याचे वस्तुमान ४० लाख सूर्यांहून अधिक आहे खरे, पण ते आपल्यापासून २६ ते २७ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्याभोवती एस-२ नावाचा तारा सुमारे १६ वर्षांत एक फेरी घालतो. २०१८ मध्ये तो विवरापासून साधारण १,८०० कोटी किलोमीटरवर आला, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक वेगाने वळसा घालून सुखरूप पुढे गेला. अशा ताऱ्यांचा वर्षानुवर्षे माग काढूनच राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांनी त्या विवराचे वस्तुमान काढले आणि २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळवला. एवढ्या जवळचा तारा गिळला जात नाही, तर आपला क्रमांक कुठे लागणार?

प्रश्न : प्रकाशच बाहेर पडत नसेल, तर कृष्णविवराचे छायाचित्र कसे निघाले?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : शंका रास्त आहे. १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेले ते चित्र एम-८७ या दीर्घिकेच्या मध्याशी असलेल्या, सुमारे ६५० कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या विवराच्या सावलीचे आहे. सभोवती फिरणाऱ्या तप्त वायूतून निघालेल्या लहरी विवराजवळून जाताना वाकतात. ज्या फार जवळून जातात, त्या आत पडतात आणि बाकीच्यांचे कडे दिसते. कड्याचा खालचा भाग अधिक उजळ आहे, कारण तिथला वायू आपल्या दिशेने येतो आहे. त्या लहरी १.३ मिलीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी होत्या आणि त्या टिपायला जगभरातल्या ७ दुर्बिणी एकाच वेळी रोखाव्या लागल्या. डोळ्यांना या लहरी दिसतच नाहीत, त्यामुळे सगळ्यांच्या लक्षात राहिलेला तो नारिंगी रंग नंतर दिलेला आहे.