‘तुलनात्मक लाभ’ आणि ‘संधिखर्च’: तुलना कशाची, संधी कुठली?

अर्थशास्त्रातल्या दोन संज्ञांबद्दल विचारणा अशी आहे: देशादेशांतल्या व्यापाराच्या चर्चेत येणारा ‘तुलनात्मक लाभ’ (comparative advantage) म्हणजे दुसऱ्यापेक्षा जास्त फायदा का? आणि ‘संधिखर्च’ (opportunity cost) या शब्दात खर्च होतो तो कशाचा?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’. घोळ ‘लाभ’ शब्दाने घातला आहे. मराठीत लाभ होतो किंवा मिळतो, म्हणून ‘पोर्तुगालला तुलनात्मक लाभ झाला’ असं सहज लिहिलं जातं. पण इथे व्यापार सुरू होण्याआधीची स्थिती सांगायची असते; क्रियापद ‘असणे’ हवं. व्यापारातून पदरात पडतो तो लाभ वेगळा. ‘अनुकूलता’ शब्द रुळला असता तर बरं झालं असतं. (‘तौलनिक’ की ‘तुलनात्मक’, या वादात काही हशील नाही.)

आता तुलना कशाची? अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोचं १८१७ मधलं उदाहरण घ्या. ठरावीक कापडाला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसं लागतात, ठरावीक दारूला १२० (या ठरावीक मापाला एक नग म्हणू). पोर्तुगालमध्ये कापडाला ९०, दारूला ८०. पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरी कापडात तुलनात्मक लाभ इंग्लंडला. माणसांचे आकडे आमनेसामने ठेवले की हे कळत नाही. आधी प्रत्येक देशाचं स्वतःचं गुणोत्तर काढायचं: एक नग कापडासाठी किती दारूवर पाणी सोडावं लागतं? (दारूवर पाणी सोडणं, तेही अर्थशास्त्रात!) इंग्लंडमध्ये १००/१२०, म्हणजे ०.८३ नग, पोर्तुगालमध्ये ९०/८०, म्हणजे १.१२५. ज्याचा त्याग कमी, त्याला लाभ. दारूचं गुणोत्तर याच्या बरोबर उलटं, त्यामुळे दोन्ही वस्तूंत एकालाच तुलनात्मक लाभ असू शकत नाही. इंग्लंडने कापड देऊन पोर्तुगालची दारू घेतली, नगास नग, तर इंग्लंडची २० माणसं वाचतात, पोर्तुगालची १०.

हा त्याग म्हणजेच संधिखर्च. रिकार्डोने श्रम मोजले होते. तीच मांडणी संधिखर्चाच्या भाषेत अर्थतज्ज्ञ गॉटफ्रीड हाबर्लर यांनी १९३०च्या दशकात केली.

‘संधीसाठी केलेला खर्च’ असा विग्रह केला की अर्थ फिरतो. ‘सोडलेल्या संधीच्या रूपाने पडलेला खर्च’ असा तो सोडवावा. मधली पदं लोपली आहेत. खिशातून काही जायलाच हवं असं नाही. ‘त्याची किंमत मोजावी लागली’ या बोलण्यात हाच भाव आहे, पण अर्थशास्त्रात ‘किंमत’ बाजारभावासाठी आधीच अडकलेली.

हमखास चूक बेरजेत होते. एका संध्याकाळचे तीन उपयोग, मोल ७००, ५०० आणि ४००. पहिला निवडला तर संधिखर्च ५००. ९०० नव्हे, कारण उरलेले दोन्ही एकाच संध्याकाळी जमलेच नसते. तिसरा निवडला तर ७००. आधीच भरलेले आणि परत न मिळणारे पैसे यात धरू नयेत. तो बुडीत खर्च.

लिहिताना ‘संधिखर्च’ जोडून, धि ऱ्हस्व, ‘संधिप्रकाश’सारखा. ‘संधिवात’ आठवून कुणाला हा सांधेदुखीच्या औषधांचा खर्च वाटला, तर ‘संधित्याग’ म्हणा. मला तो जास्त नेमका वाटतो.