संग्रहालयाचे संकेतस्थळ घडवताना

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझा आराखडा सवडीने पाहिला. रंग संयत आहेत, अक्षरे डोळ्यांना सुखावणारी आहेत. पण वर बोधचिन्ह, त्याखाली अध्यक्षांचे मनोगत, मग विश्वस्तांची छायाचित्रे, आणि संग्रहातील पहिली वस्तू दिसेपर्यंत मोबाइलवर बोट तीन वेळा सरकवावे लागते. हे पान संस्थेने स्वतःसाठी मांडले आहे, पाहुण्यासाठी नाही.

हीच चूक माझ्या हातून झालेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संग्रहालयासाठी केलेल्या संकेतस्थळात उघडण्याच्या वेळा ‘आमच्याविषयी’ या पानाच्या तळाशी गेल्या होत्या. एका सोमवारी मी कामासाठी तिथे गेलो असता दोन नातवंडांना घेऊन परगावाहून आलेले एक आजोबा बंद दारापुढे उभे होते. त्यांनी आदल्या रात्री संकेतस्थळ पाहिले होते, पण साप्ताहिक सुट्टी त्यांना सापडली नव्हती. त्या मुलांचे चेहरे मी विसरलेलो नाही. वेळा, सुट्टीचा वार, तिकिटाचा दर, पोहोचण्याचा रस्ता आणि चाकाच्या खुर्चीची सोय या गोष्टी पहिल्याच पडद्यावर, मोठ्या अक्षरांत असल्या पाहिजेत. याविषयी अधिक लिहीत नाही.

मला मनापासून सांगायचे आहे ते त्या पाहुण्याविषयी, जो कदाचित कधीच दारापर्यंत येणार नाही. त्यासाठी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचा अभ्यास कर. मुख्य इमारत दहा वर्षे नूतनीकरणासाठी बंद राहून एप्रिल २०१३ मध्ये पुन्हा उघडली. पण त्याआधीच, २०१२ च्या ऑक्टोबरात, त्यांनी ‘राइक्सस्टुडिओ’ हा संकेतस्थळाचा भाग सुरू केला आणि सुमारे सव्वा लाख कलाकृतींची उत्तम प्रतीची छायाचित्रे लोकांपुढे ठेवली. चित्र पडदाभर दिसे, मजकूर मागे राही, आणि पाहणाऱ्याला चित्राचा आवडलेला तुकडा कापून स्वतःच्या संग्रहात ठेवता येई किंवा अख्खे चित्र विनामूल्य उतरवून घेता येई. पाहणाऱ्यावर टाकलेला हा विश्वास मला त्या मांडणीतील सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

या विश्वासामागे एक अनुभव होता. त्यांच्या संग्रहातील, डच चित्रकार व्हरमीरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्राच्या दहा हजारांहून अधिक निकृष्ट, पिवळट प्रती इंटरनेटवर पसरल्या होत्या, इतक्या की संग्रहालयाच्या दुकानातील खऱ्या रंगाच्या पोस्टकार्डांवरच लोक शंका घेऊ लागले. त्यावर उपाय म्हणून संग्रहालयाने अस्सल रंगातील चांगली प्रत खुली केली. आपल्याकडे छायाचित्रावर आडवा शिक्का मारून किंवा ते अंगठ्याएवढे लहान ठेवून ‘चोरी’ थांबवण्याकडे कल असतो, आणि तुझ्या आराखड्यातही तो शिक्का आहे. त्यामुळे वाईट प्रतीच फिरत राहतात. हक्काची अडचण नाही त्या वस्तूंवरून तरी तो काढ, आणि समिती नाही म्हणाली तर हे उदाहरण त्यांच्यापुढे ठेव.

आता तेच चित्र पडद्यावर मोठे करून पाहा. पांढऱ्या भिंतीत वरच्या बाजूला एक खिळा आहे, त्याची बारीक सावली भिंतीवर पडलेली आहे, आणि आसपास पूर्वीच्या खिळ्यांची भोके आहेत. मूळ चित्र जेमतेम दीड फूट उंचीचे असल्याने दालनातल्या गर्दीत तो खिळा नजरेतून सुटणे सहज शक्य आहे. घरी बसलेल्या माणसाला तो सापडतो आणि सापडल्याचा आनंद त्याचा स्वतःचा असतो. याच संग्रहालयाने २०२२ मध्ये चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचे ८,४३९ छायाचित्रे जोडून तयार केलेले ७१७ अब्ज बिंदूंचे चित्र संकेतस्थळावर ठेवले. तेवढे सामर्थ्य आपल्याला परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. खेड्यातल्या मंद नेटवर्कवर पान उघडले पाहिजे, म्हणून आधी हलके चित्र आणि मागितल्यावरच मोठे, एवढी शिस्त पाळ.

शोधाची चौकट मात्र तू फार घाईत उरकली आहेस. तुमच्या नोंदवहीत ‘टांगता दिवा, पितळ’ असे लिहिलेले असेल. पण ज्या बाईच्या आजोळी तो देव्हाऱ्यापुढे साखळीला टांगलेला असे, ती ‘लामणदिवा’ असेच टाइप करणार, कदाचित रोमन अक्षरांत, कदाचित ‘लामण दिवा’ असे तोडून. तिला ‘काहीही आढळले नाही’ असे उत्तर मिळाले, तर वस्तू कपाटात असूनही तिच्यासाठी ती हरवलीच. म्हणून प्रत्येक वस्तूच्या नोंदीत लोकांच्या तोंडची नावे जोडून घे, आणि त्यासाठी दालनात उभ्या असणाऱ्या सेवकांना विचार. प्रेक्षक वस्तू पाहून काय म्हणतात ते त्यांना रोज ऐकू येते.

पुढच्या वेळी संपूर्ण संकेतस्थळ पाठवू नकोस. त्या लामणदिव्याचे एकच पान पुरे करून पाठव: साखळीच्या कड्या मोजता येतील असे छायाचित्र, तेल कुठे भरतात आणि वाती कुठे ठेवतात हे सांगणारी चार वाक्ये, उंची सेंटिमीटरमध्ये, आणि तो कोणत्या दालनात, कोणत्या कपाटात टांगलेला आहे ते. मी ते माझ्या जुन्या मोबाइलवर उघडून पाहीन आणि तुला कळवीन.

तुझा,
काका