पक्षिनिरीक्षणाची दुर्बीण: आठची की बाराची?

प्रश्न: मी सेवानिवृत्त शिक्षक असून माझे वय ६१ आहे. मला चष्मा आहे. रविवारी पहाटे हिप्परगा तलाव आणि हिवाळ्यात नान्नजचा माळ, असे माझे फिरणे असते. मानेच्या मणक्याचा त्रास असल्यामुळे वजनाला हलकी, पण जास्त पॉवरची आणि वॉटरप्रूफ दुर्बीण घ्यायची आहे. दुकानदार १२×२५ ची दुर्बीण सुचवतो. ती खिशात मावते आणि लांबचेही दिसते, असे त्याचे म्हणणे आहे. ती घ्यावी का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ती घेऊ नये. हलकेपणा, जास्त पॉवर आणि स्वच्छ उजेड या तिन्ही गोष्टी एका दुर्बिणीत एकत्र नांदत नाहीत, आणि या दुर्बिणीत बळी गेला आहे तो उजेडाचा. १२×२५ मधला पहिला आकडा दृश्य किती पट मोठे दिसेल ते सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. इथे ती जेमतेम २ मिलिमीटर भरते. भर दुपारी आपली बाहुली आकसलेली असल्याने तेवढ्यावर निभावते, परंतु पहाटे हिप्परग्याच्या काठावर ती ४ ते ५ मिलिमीटरपर्यंत उघडलेली असते आणि मग काठालगतच्या लव्हाळ्यात दिसतो तो वंचक (मातकट रंगाचा बगळा) आहे की मातीचे ढेकूळ, हे कळेनासे होते. ८×४२ मध्ये हाच झोत सव्वापाच मिलिमीटरचा असतो.

आता पॉवरविषयी. २०० मीटरवरचा पक्षी आठपट दुर्बिणीतून २५ मीटरवर असल्यासारखा भासतो, तर दहापट दुर्बिणीतून २० मीटरवर. हा पाच मीटरांचा फायदा मिळवताना हाताची थरथरही दहापट होते आणि दृश्याची रुंदी घटते, हे मात्र दुकानात कोणी सांगत नाही. नान्नजला याचा अनुभव हमखास येतो. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालेल्या त्या माळावर माळढोकाचे दर्शन आता दुर्मीळ झाले असले, तरी हिवाळ्यात भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात आणि गवताच्या शेंड्यांना जवळजवळ चाटून जावे इतक्या खालून उडतात. पांढुरक्या भोवत्याची मादी आणि माँटेग्यूच्या भोवत्याची मादी यांच्यातला फरक गालामागच्या फिकट पट्ट्यावरून ओळखायचा असतो, आणि पक्षी वळतो तेव्हा तो पट्टा क्षणभरच दिसतो. त्या क्षणी पक्षी दृश्यात असणे आणि चित्र स्थिर असणे, या दोन्ही गोष्टी आठपटीत सहज साधतात. शिवाय ऊन चढले की माळावरची हवा पाण्यासारखी लहरू लागते, आणि तुमची पॉवर जितकी जास्त, तितकी ती लहरही मोठी दिसते. मी स्वतः पूर्वी पॉवर कमी-जास्त करता येणारी एक झूम दुर्बीण मोठ्या हौसेने घेतली होती. तिच्यातून धाविक हा माळावरचा पक्षी पाहिला, पण तो धाविक होता हे सोबत्याने सांगितल्यावरच मला समजले. झूम दुर्बीण घेऊ नये, तसेच माणकासारखी लालभडक भिंगे असलेलीही घेऊ नये.

वॉटरप्रूफ हवी, हा तुमचा आग्रह मात्र योग्य आहे, जरी त्याचे कारण वेगळे असले तरी. सोलापुरात पाऊस बेताचाच. इथे दुर्बिणीचा खरा शत्रू धूळ आहे. पाणी आत शिरू न देणारी बंदिस्त रचना मुरमाची बारीक धूळही बाहेर ठेवते, आणि आत नायट्रोजन भरलेला असल्यास आतून धुके धरत नाही व पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढण्याचा धोकाही कमी होतो. खोक्यावर नुसते ‘वेदर रेझिस्टंट’ लिहिले असेल, तर ती चार शिंतोडे सोसेल इतकेच समजावे. ‘आयपीएक्स ७’ असे लिहिलेले असल्यास ती १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकण्याच्या कसोटीची आहे.

राहिला वजनाचा प्रश्न. ८×३२ ची दुर्बीण साधारण ५०० ग्रॅमची आणि ८×४२ ची ६०० ते ७०० ग्रॅमची असते. मानेचा त्रास पाहता पहिली सुचवण्याचा मोह होतो. पण तुम्हाला चष्मा आहे, आणि चष्मा न काढता पूर्ण वर्तुळ दिसण्यासाठी मागच्या भिंगापासून डोळ्यापर्यंतचे अंतर, म्हणजे आय रिलीफ, निदान १६ मिलिमीटर लागते. ते ८×४२ मध्ये बहुधा मिळते, ८×३२ मध्ये अनेकदा कमी पडते. म्हणून ८×४२ घ्यावी आणि गळ्यातला पट्टा काढून खांद्यांवरून पाठीवर फुलीसारखा जाणारा हार्नेस लावावा. मग वजन मानेवर येतच नाही. १० ते २० हजार रुपयांच्या दरम्यान अशी दुर्बीण मिळू शकते.

दुकानात गेल्यावर दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखावी. मागच्या भिंगांत दोन लखलखीत ठिपके दिसतील. ते पूर्ण गोल असावेत. कडा चौकोनी किंवा करड्या वाटल्या, तर आतला प्रिझम हलक्या प्रतीचा आहे असे समजून ती परत करावी. नंतर रस्त्यावर येऊन आकाशाच्या पार्श्वभूमीवरची विजेची तार पाहावी. तारेच्या कडेला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी, तितकी काच चांगली. उजव्या डोळ्याजवळचे कडे आपल्या नजरेनुसार एकदा बसवून घ्यावे. ते न बसवताच ‘दुर्बीण अंधुक आहे’ अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात.

उजनीच्या जलाशयावर रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) थवे पाहायला जाणार असाल, तर तिथे होडीतून पाहताना आठपटच सोयीची पडते. काठावरून फार दूरचे पाहण्यासाठी तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, लागतो. ते काम गळ्यातल्या कोणत्याही दुर्बिणीचे नव्हे.

प्रश्न: दुर्बिणीची भिंगे धोतराच्या किंवा रुमालाच्या टोकाने पुसली तर चालतात का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर: चालत नाहीत. कापड कितीही मऊ असले, तरी भिंगावरचा धुळीचा कण त्याखाली घासला जातो आणि वरचा लेप ओरखडतो. आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवावी, मग मऊ ब्रश फिरवावा आणि शेवटी मायक्रोफायबरच्या कापडाने हलके पुसावे. दुर्बीण खरोखर वॉटरप्रूफ असेल, तर चिकटलेली माती नळाच्या बारीक धारेखाली धुतली तरी हरकत नाही. उन्हाळ्यात ती बंद मोटारीत ठेवून जाऊ नये.