जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीवर रेड डॉट: कोणता घ्यावा, आणि शोभेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची .३०-३० लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल आहे (खालची लिव्हर फिरवून पुढचं काडतूस भरतात ती; .३०-३० हे काडतुसाचं माप), अक्रोडाचा दस्ता आहे, पण पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, आता डोळ्यांना नीट दिसत नाही. मग रेड डॉट (काचेवर लाल ठिपका दाखवणारी साइट) २ एमओएचा घ्यावा की ६ चा (एमओए हे ठिपक्याच्या आकाराचं माप), ठिपक्याचा दिवा उघडा असलेला की नळीत बंद, आणि असल्या जुन्या रायफलीवर तो शोभेल का?

प्रश्नाचा शेवट वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय. हा ‘शोभेल का’ आमच्या घरात कित्येक वर्षं धुमसतोय.

आमच्या बाबांची मार्लिन ३३६ आहे, तीही .३०-३०. मी आणि दादा दोघंही तिच्यावरच नेम धरायला शिकलो. बाबांनी तिच्यावर कधी स्कोप, म्हणजे दुर्बीण, लावला नाही. पुढे पितळी मण्याची माशी, मागे खाच, बस्स. साठीपर्यंत त्यांचा बार फुकट गेलेला मी पाहिला नव्हता. साठीनंतर ते काडतुसांना नावं ठेवायला लागले. हा लॉट बरोबर नाही, तो ओलसर वाटतो, वगैरे. खरं कारण डोळ्यात होतं. खाच हाताच्या अंतरावर, माशी त्याच्या पुढे, जनावर आणखी पन्नास-साठ मीटरवर, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. तरुणपणी तो या तिन्हींत इतक्या झटपट फिरतो की आपल्या लक्षातही येत नाही. वय झालं की डोळ्यातलं भिंग ताठ होतं आणि माशीच्या जागी पिवळट धुकं उरतं. बाबांनी हे कुणाला सांगितलं नाही. सांगणारे ते नव्हतेच.

मग एका संध्याकाळी त्यांचा बार रानडुकराच्या पोटात बसला. जिथे लागलं तिथे आम्ही टॉर्च मारला तर रक्त अगदी थोडं, आणि गवतावर हिरवट घाण पसरलेली. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. अर्धी रात्र आम्ही माग काढत फिरलो. डुक्कर सकाळी सापडलं. मेलेलं होतं, पण किती वेळाने मेलं असेल याचा विचार आजही नको वाटतो. घरी आल्यावर बाबांनी रायफल साफ केली, तेल लावलं, कपाटात ठेवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. तो हंगाम त्यांनी घरात बसून काढला.

दादाचं म्हणणं सरळ होतं. “आता बाबांनी थांबावं. रायफल जशी आहे तशी राहू दे.” मी रेड डॉटचं नाव काढलं तर म्हणाला, “ते फौजी खेळणं त्या रायफलीवर चढवणार तू? लावायचाच तर स्कोप लाव, तो निदान शिकारीचा तरी दिसतो.”

हे ‘फौजी खेळणं’ प्रकरण मला कायमचं मिटवायचंय, कारण तुम्हालाही कुणीतरी हेच ऐकवणार. आरशासारख्या काचेवर प्रकाशाची खूण पाडून नेम धरायची कल्पना हॉवर्ड ग्रब या आयरिश माणसाने १९०० मध्ये मांडली. मार्लिन ३३६ बाजारात आली १९४८ मध्ये. म्हणजे कल्पना रायफलीपेक्षा जुनी आहे. आज आपण ज्याला रेड डॉट म्हणतो तो स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ मध्ये आणला, आणि तो आधी उचलला शिकाऱ्यांनी. अमेरिकन लष्कराने तो मोठ्या प्रमाणावर घेतला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. तोवर शिकारी वीस वर्षं तो वापरत होते. तेव्हा कुणी कुणाचं उचललंय ते बघा.

आणि स्कोपबद्दल. लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल हातात धरून चालायची असते, रिसीव्हरखाली, म्हणजे मधल्या लोखंडी पेटीखाली, मूठ आवळून. तिथे अर्धा किलोचा स्कोप ठेवला की तोल वर जातो आणि मूठ नीट बसत नाही. स्कोपचं मागचं टोक घोड्यावर (मागच्या हॅमरवर) येतं, मग घोडा ओढायला अंगठ्यासाठी बाजूला वेगळी खुंटी लावावी लागते. शिवाय स्कोपमध्ये डोळा ठरावीक अंतरावर आणि बरोबर मध्ये आणावा लागतो, नाहीतर काळी कड दिसते. रेड डॉटला ही अट नाही. दोन्ही डोळे उघडे, नजर जनावरावर, ठिपका तिथेच तरंगताना दिसतो. खाच नाही, माशी नाही, तीन अंतरांचा खेळच संपला. साठीच्या डोळ्याला याहून सोपं दुसरं काही नाही.

तर मी लावला. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते, बोलत काहीच नव्हते. ३३६ च्या रिसीव्हरच्या डोक्यावर कंपनीनेच पाडलेली भोकं असतात, त्यात छोटे बुजवणीचे स्क्रू बसवलेले. ते काढले. भोकांत इतक्या वर्षांचं तेल साचलेलं होतं, ते अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसत राहिले. काडी काळी यायची थांबेपर्यंत. हे केल्याशिवाय स्क्रूवर लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) लावण्यात अर्थ नाही, ते तेलावर धरत नाही. मग रेल, म्हणजे डॉट धरणाऱ्या माउंटची पट्टी, बसवली आणि लिव्हर फिरवून बघितली, तर अर्ध्यात अडकायला लागली. माउंटबरोबर आलेल्या स्क्रूंपैकी एक केसभर लांब होता, त्याचं टोक आत बोल्टला (काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्याला) घासत होतं. बोल्टवर बारीक चकचकीत ओरखडा दिसला तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले, “दोन आटे घास.” मी कानशीने दोन आटे घासले. लिव्हर मोकळी झाली. तुम्हीही रेल बसवल्यावर, काडतूस न भरता, लिव्हर पूर्ण फिरवून बघा.

आता खरी गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. जुन्या रायफलीचा दस्ता माशी-खाचेसाठी उतरता केलेला असतो. गाल टेकवला की डोळा नळीच्या अगदी जवळ येतो. डॉट उंच बसवला तर गाल हवेत राहतो आणि हनुवटी टेकते. मग दर वेळी डोकं वेगळ्या जागी जातं, ठिपका शोधावा लागतो, आणि रेड डॉटचा जो एकच मोठा फायदा, झटकन दिसणं, तो हातचा जातो. म्हणून ब्रँड नंतर बघा, एमओए नंतर बघा. आधी माउंट बघा, मिळेल तितका बुटका. काळ्या चौकोनी फौजी रायफलींसाठी जे उंच माउंट डॉटबरोबर येतात ते तुमच्या कामाचे नाहीत. बुटक्या माउंटनंतरही आम्हाला बोटभर कमी पडत होतं, तर दस्त्यावर चामड्याची गादी दोरीने आवळली. लाकडाला एकही ओरखडा नाही. हवं तेव्हा सोडता येते.

झिरो, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी जुळवणं, ५० मीटरवर केलं. या काडतुसाला आणि बुटक्या डॉटला ते चांगलं जुळतं. १५० ग्रेन वजनाची गोळी १०० मीटरवर दोन-तीन सेंटिमीटर खाली जाते आणि १५० वर दहा-बारा. त्यापुढे .३०-३० ने कशाला मारायचं?

पुढच्या हंगामात बाबा परत निघाले. दिवस कलला होता, डुक्कर झाडीतून आडवं आलं, साठेक मीटरवर. मी मागे उभी होते. त्यांनी रायफल वर आणायच्या आधी अंगठ्याने डॉटचा उजेड दोन टप्पे खाली आणला, हे मी पाहिलं. कमी उजेडात प्रखर ठिपका फुलतो आणि जनावरच झाकतो, म्हणून. मग बार झाला. खांद्यामागे बसला. डुक्कर वीसेक पावलं गेलं आणि कोसळलं. बाबांनी रायफल खाली केली आणि एवढंच म्हणाले, “दिसलं.”

दादा अजूनही म्हणतो की रायफलीचं रूप गेलं. जावो. रायफल जनावर एका बारात पाडण्यासाठी आहे, आणि ज्याला माशी दिसत नाही त्याने ‘रूप राहावं’ म्हणून अंदाजाने बार काढणं मला पाप वाटतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, इथेही सांगते.

आता तुमचे राहिलेले प्रश्न. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. म्हणजे ६ चा ठिपका ६० मीटरवर दहा सेंटिमीटर झाकतो, डुकराच्या मर्माच्या जागेचा अर्ध्याहून जास्त भाग. नको. २ ते ४ मधला घ्या. उघडा की बंद, तर बंद. उघड्यात ठिपका पाडणाऱ्या दिव्यावर पावसाचा एक थेंब पडला की ठिपका फुटतो किंवा गायब होतो. उघडे थोडे अधिक बुटके बसतात हे खरं, पण रानात पाऊस, दव, पानं चुकत नाहीत. बाबांच्या रायफलीवर एमपॉइंटचा मायक्रो एच-२ आहे, २ एमओए, माउंट सोडून शंभर ग्रॅमच्या आत. सीआर २०३२ ची एक बॅटरी, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ५०,००० तास. तरी दर हंगामाच्या सुरुवातीला मी ती बदलते. स्वस्तातले घ्यायचे तर काच पांढऱ्या भिंतीवर धरून बघा. निळसर झाक जास्त असेल तर तिन्हीसांजेला त्यातून काळोख दिसेल. मुळात डॉट काही मोठं करून दाखवत नाही, आणि अंधूक उजेडात चांगल्या स्कोपइतकं दाखवणार नाही. उशिरापर्यंत मचाणावर बसणारे असाल तर माझं वरचं स्कोपविरुद्धचं बोलणं तुम्हाला लागू नाही.

आणि ‘पॅरॅलॅक्स नाही’, म्हणजे डोळा हलला तरी ठिपका नेमावरून सरकत नाही, असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी थोडा असतोच. जवळच्या अंतरावर ठिपका काचेच्या कडेला ठेवून बार काढू नका.

विकत घेण्याआधी मात्र डोळे तपासा. अ‍ॅस्टिग्मॅटिझम (डोळ्याच्या बाकातला असमानपणा) असेल तर गोल ठिपक्याऐवजी स्वल्पविराम किंवा चांदणी दिसते. दुकानातच डॉट हातात धरून गोल फिरवा. फराटा डॉटबरोबर फिरला तर काच खराब, जागेवर राहिला तर डोळा. फोनने फोटो काढूनही कळतं, फोटोत ठिपका गोल आला तर दोष डोळ्याचा. उजेड कमी करून किंवा चष्मा लावून भागलं तर ठीक, नाहीतर खाचेऐवजी बारीक भोकातून बघायची मागची साइट बसवा, ती अशा डोळ्यांना जास्त मानवते.

शिकार कायद्याने जिथे चालते तिथल्याच लोकांसाठी हे लिहिलंय. बाकीच्यांना चांदमारीसाठी हेच सगळं उपयोगी पडेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: रायफल कोणती आणि केव्हाची. विंचेस्टर ९४ असेल आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची असेल तर रिकामं काडतूस वरून बाहेर पडतं. रिसीव्हरवर डॉट लावलात तर ते त्याच्यावर आपटेल. डॉट पुढे नळीवरच न्यावा लागेल. आणि रिसीव्हरला कंपनीची भोकं नसतील तर नवी पाडू नका. इथे मी पूर्ण दादाच्या बाजूने आहे. पाडलेलं भोक परत बुजत नाही, आणि जुन्या रायफलीची किंमत त्याच दिवशी उतरते. बऱ्याच लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींसाठी मागच्या खाचेच्या जागी बसणारे माउंट मिळतात. काढलेली खाच डबीत जपून ठेवा, परत लावता येईल.