वाचकांचे प्रश्न : पात्याच्या घासकामासाठी पट्टे निवडताना

प्रश्न : मी छंद म्हणून सुऱ्या बनवतो. माझ्या ग्राइंडरवर ५० मिमी रुंद आणि १८३० मिमी लांब पट्टा बसतो. मोटर एक अश्वशक्तीची, मिनिटाला १४४० फेऱ्यांची असून पट्टा फिरवणाऱ्या चाकाचा व्यास १०० मिमी आहे. आजवर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे पट्टे वापरले. सिरॅमिक पट्टे जास्त टिकतात असे ऐकून पी ६० आणि पी १२० ग्रिटचे (ग्रिट म्हणजे कणांच्या जाडीचा आकडा; तो जितका मोठा तितका कण बारीक) पट्टे आणले, पण ते एक-दोन पात्यांतच गुळगुळीत होऊन चकाकू लागले. शिवाय पाणी दिलेल्या (तापवून एकदम थंड करून कठीण केलेल्या) पात्याची कड घासताना निळी पडते. दोष पट्ट्यांचा की माझ्या पद्धतीचा? नेमके कोणते पट्टे घ्यावेत?

उत्तर : आपण यंत्राची मापे कळवली हे फार बरे केले, कारण उत्तराचा निम्मा भाग त्यांतच आहे. चाकाचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याला ३.१४ ने आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले व ६० ने भागले की पट्ट्याचा वेग मिळतो. आपल्या यंत्रावर तो सेकंदाला सुमारे ७.५ मीटर येतो. पॉलिशसाठी हा वेग उत्तम आहे, पण सिरॅमिक पट्ट्यांना जाडेभरडे काम करताना सेकंदाला २५ ते ३५ मीटरच्या आसपास वेग मानवतो.

सिरॅमिक कण हाही मुळात अ‍ॅल्युमिनाच, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच असतो. फरक इतकाच की तो असंख्य अतिसूक्ष्म स्फटिक एकत्र भाजून बनवलेला असल्यामुळे पुरेसा दाब मिळाला की त्याच्या टोकाचा बारीकसा कपचा उडतो आणि आतून नवी धार उघडी पडते. दाब आणि वेग कमी पडले तर कण फुटत नाही; त्याचे टोक फक्त झिजून सपाट होते आणि पट्टा चकाकू लागतो. म्हणजे आपले पट्टे बहुधा संपलेले नाहीत, ते नुसते बोथटले आहेत. पाणी न दिलेल्या पोलादी पट्टीच्या अरुंद कडेवर असा पट्टा जोर देऊन चालवला, तर कमी जागेवर जास्त दाब येऊन तो पुष्कळदा पुन्हा कापू लागतो. टाकून देण्याआधी हे अवश्य करून पाहावे.

वेग वाढवायचा झाल्यास १५० मिमीचे चाक आणि २८०० फेऱ्यांची मोटर असा मेळ सेकंदाला सुमारे २२ मीटर देतो. मात्र त्या वेगाला दाब देऊन काम करायचे तर एक अश्वशक्ती अपुरी पडते, दीड ते दोन हवी. शिवाय यंत्राची चौकट, बेअरिंगे आणि चाकांचा तोल त्या वेगाला साजेसा आहे याची खात्री करूनच बदल करावा. मोटर बदलणे शक्य नसेल तर सिरॅमिकचा हट्ट सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कमी वेगाच्या यंत्रावर झिर्कोनिया अ‍ॅल्युमिनाचा जाड पट्टा आणि त्यापुढे साधे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड ही जोडी पैसे अधिक चांगले वसूल करून देते. झिर्कोनियालाही दाब लागतो, पण सिरॅमिकइतका नाही.

आणखी एक गोष्ट नव्या पट्ट्याचा जीव घेते, ती म्हणजे पट्टीची काटकोनी कड. चौकोनी कडेवर नवा पट्टा थेट लावला की ती तीक्ष्ण कड कणांना मुळासकट उपटून काढते. म्हणून धारेच्या बाजूची कड आधी जुन्या, जवळजवळ संपलेल्या पट्ट्यावर दोन्ही अंगांनी साधारण ४५ अंशांत मोडून घ्यावी आणि मगच नवा पट्टा चढवावा. भट्टीतून निघालेल्या पात्यावरच्या काळ्या पापुद्र्याचेही तेच. तो कठीण असतो आणि चांगला पट्टा पाहता पाहता निकामी करतो. तो जुन्या पट्ट्याने काढावा, किंवा पाते रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून सैल झालेला थर घासून टाकावा.

आता निळ्या कडेविषयी, कारण खरी हानी तिथे होते. साध्या कार्बन पोलादाचे पाते पाणी दिल्यावर बहुधा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेम्पर केलेले, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा माफक तापवलेले असते. साधारण २०५ अंशांना पृष्ठभागावर फिकट पिवळा रंग येतो, २६० च्या सुमारास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. निळा रंग दिसला याचा अर्थ त्या जागेचे पाणी उतरले. रंग पॉलिशने निघतो, कठीणपणा परत येत नाही. अशा वेळी तेवढा भाग घासून मागे जावे, नाहीतर पात्याला पुन्हा पाणी द्यावे. तिसरा मार्ग नाही. त्याहून घातक प्रकार असा की अगदी टोकाची कड क्षणभर तापते आणि तिच्यावरचा रंग पुढच्याच फेरीत घासला जातो, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि सुरीची धार का टिकत नाही हे पुढे कळत नाही. ५०० अंशांच्या वर टेम्पर होणाऱ्या हायस्पीड पोलादांना ही भीती बरीच कमी असते, पण आपल्या पत्रावरून आपण ती वापरत नसावेत.

याचा पट्ट्याच्या निवडीशी सरळ संबंध आहे. धारदार कण धातू कापतो आणि पुष्कळशी उष्णता ठिणग्यांबरोबर निघून जाते; बोथट कण धातूवर नुसता घासला जातो आणि ती उष्णता पात्यात शिरते. म्हणून पाणी दिलेल्या पात्यावर नेहमी ताजा पट्टा लावावा, वेग कमी ठेवावा, पाते उघड्या हाताने धरावे आणि प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवावे. बोटांना चटका बसण्याइतके पाते तापू द्यायचे नाही, हे माप कोणत्याही उपकरणापेक्षा सोयीचे आहे. पाणी देण्यापूर्वी कडेची जाडी ०.८ ते १ मिमी राखावी. त्याहून पातळ कड पाणी देताना वाकते किंवा तडकते. मात्र पुढचे सगळे पातळ काम कठीण पोलादावर करायचे असल्याने त्यासाठी चांगले पट्टे राखून ठेवावे लागतात, आणि नेमके याच टप्प्यावर बरेच जण उरलेसुरले पट्टे वापरतात.

पट्टा संपला हे ओळखायला फार अनुभव लागत नाही. ठिणग्यांचा झोत विरळ होतो, तेवढ्याच कामाला जास्त रेटावे लागते, आवाज खरखरीचा न राहता किणकिणता होतो आणि पाते हातात उसळू लागते. ही लक्षणे दिसली की पट्टा उतरवावा. जपून वापरलेला बोथट पट्टा हा कारखान्यातला सर्वांत महाग पट्टा आहे, कारण तो वेळ खातो आणि पातेही बिघडवतो.

खरेदी करताना पी ३६ किंवा पी ६० चे जाड पट्टे सर्वाधिक घ्यावेत, कारण बहुतेक धातू तेच काढतात. त्यांना ‘एक्स’ किंवा ‘वाय’ वजनाचे (कापडाच्या जाडीच्या खुणा) भक्कम कापड हवे. पुढे पी १२० आणि पी २२०. पाते आणि मूठ यांच्यामध्ये जिथे उतार सुरू होतो तिथली रेघ साधण्यासाठी पी १२० पासून पुढचे काही पट्टे ‘जे’ (J) वजनाच्या लवचिक कापडाचे घ्यावेत आणि पट्टा मागच्या सपाट पाटीच्या काठाबाहेर साधारण ३ मिमी सरकवून चालवावा. मग काठ हलकासा वळतो आणि तिथे खाच न पडता गोलसर, स्वच्छ वळण मिळते. स्टेनलेसवर जास्त काम असेल तर वरून घर्षण कमी करणाऱ्या रसायनाचा जादा थर दिलेले पट्टे मिळतात, ते घ्यावेत, कारण स्टेनलेस उष्णता हळू वाहून नेते आणि कड लवकर तापते.

प्रश्न : पी ४०० पर्यंत जाऊनही पात्यावर खोल चरे उरतात. शिवाय एका पाकिटावर ४००, दुसऱ्यावर पी ४०० आणि तिसऱ्यावर ए ४५ असे लिहिलेले असते. हे एकच आहे का?

उत्तर : एकच नाही, आणि या गोंधळात पुष्कळ पट्टे वाया जातात. पी लावलेला आकडा फेपा या युरोपीय घाससाहित्य उत्पादक संघटनेच्या मानकाचा असतो. नुसता आकडा बहुधा अमेरिकी मानकाचा असतो. साधारण २२० पर्यंत दोन्ही जवळपास जुळतात, पुढे मात्र फारकत होते. अमेरिकी ४०० म्हणजे जवळजवळ पी ८००, आणि अमेरिकी ६०० म्हणजे जवळजवळ पी १२००. थ्रीएम कंपनीच्या ट्रायझॅक्ट पट्ट्यांवरचा ए ४५ सारखा आकडा ग्रिटचा नसून मायक्रॉनचा असतो, त्यामुळे तिथे आकडा जितका लहान तितका पट्टा बारीक. ए ४५ साधारण पी ४०० च्या आसपास आणि ए १६ पी १२०० च्या आसपास येतो. या पट्ट्यांवर कणांचे बारीक उंचवटे ओळीने रचलेले असतात, ते वरून झिजत जातात तसे आतून नवे कण येतात आणि चऱ्यांची खोली एकसारखी राहते. कमी दाबाने, कमी वेगाने चालवले तर त्यांची किंमत वसूल होते.

खोल चऱ्यांचे मूळ पी ४०० मध्ये नसते. ते पी ६० चे असतात आणि पी १२० ने पुरते न निघता पुढे आलेले असतात. प्रत्येक पायरीला आकडा साधारण दुप्पट व्हावा, त्याहून मोठी उडी घेऊ नये. पट्टा पात्याला आडवा जातो, म्हणून ग्रिट बदलताना पात्याचे टोक एकदा किंचित वर आणि पुढच्या वेळी किंचित खाली धरावे. नवे चरे जुन्यांना तिरपे छेदतात आणि जुना चरा एकटा उठून दिसतो. पाते पुसून, दिवा जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरून पाहावे. वरून पडलेल्या प्रकाशात निम्मे चरे लपतात. उताराच्या रेघेजवळचा आणि टोकाकडचा भाग आधी तपासावा, जुने चरे बहुधा तिथेच राहतात. एकही जुना चरा दिसत असेल तर पुढची पायरी चढू नये.

प्रश्न : साठवून ठेवलेले पट्टे यंत्रावर चढवताच सांध्यावर तुटतात.

उत्तर : बहुतेक वेळा कारण ओलावा किंवा चुकीची घडी हे असते. हल्लीच्या बऱ्याच पट्ट्यांचा सांधा टोकाला टोक भिडवून मागून टेपने चिकटवलेला असतो, आणि दमट हवेत किंवा वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो डिंक कमजोर होतो. पट्टे सुमारे २० अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रतेच्या जागी, खिळ्यावर नव्हे तर जाड नळीवर टांगावेत. खिळ्यावर एका जागी घडी पडते आणि पुढे पट्टा तिथेच फाटतो. काम संपल्यावर यंत्रावरचा ताण सैल करावा. पट्ट्याच्या पाठीवर बाण असेल तर त्याच दिशेने चढवावा. एकावर एक चढवलेल्या सांध्यात उलटी दिशा सांधा उचकटते. पट्टा चढवल्यावर पहिले काही क्षण बाजूला उभे राहून तो रिकामा फिरू द्यावा.

प्रश्न : लाकडी मूठ घासताना लाकूड काळे पडते.

उत्तर : लाकडाचा राळयुक्त भुसा कणांमध्ये भरला की पट्टा कापायचे सोडून जाळू लागतो. विरळ कणांचा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा किंवा सिलिकॉन कार्बाइडचा ताजा पट्टा घ्यावा, वेग कमी ठेवावा, हात सतत फिरता ठेवावा आणि पट्टा मधूनमधून रबरी साफकांडीने मोकळा करावा. पोलादावर वापरलेला पट्टा मुठीला लावू नये. त्यात अडकलेले लोखंडाचे कण फिकट लाकडात डाग पाडतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धूळ ओढणाऱ्या एकाच पेटीत लाकडाचा भुसा आणि पोलादाच्या ठिणग्या जाऊ देऊ नयेत. तिथे आग बराच वेळ आतल्या आत धुमसून मग पेटते, म्हणून लाकूडकाम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर पेटी रिकामी करावी. जी-१० (काचतंतू आणि राळ यांचा कठीण पत्रा) किंवा कार्बन फायबरच्या मुठीवर काम करताना नीट बसणारा धूळरोधक मास्क लावल्याशिवाय यंत्र चालू करू नये.